नोकरी गेली, पण हत्यारे हातात राहिली

आपल्या घरांतून संगणकाविषयी जे बोलणे होते ते बहुधा पगारापाशी सुरू होते आणि पगारापाशीच संपते. अमक्यांचा मुलगा हिंजवडीला लागला, तमक्यांची मुलगी ऐरोलीच्या कंपनीत गेली, पगार किती, न्यायला गाडी येते का, एवढे कळले की आपले समाधान होते. तो मुलगा तिथे नेमके काय बनवतो आणि बनवलेल्या वस्तूचा मालक कोण, हे कुणी विचारीत नाही. गिरणीत, गोदीत, कारखान्यात ज्यांची आयुष्ये गेली त्या घरांनी तरी हा प्रश्न विचारायला हवा, असे आम्हांला वाटते.

म्हणून या खेपेला आम्ही वाचकांपुढे मेक्सिको देशातील एका माणसाची हकिकत ठेवीत आहोत. त्यांचे नाव मिगेल दे इकासा. पदवी न घेतलेला हा माणूस जगभरच्या संगणकांवर चालणाऱ्या दोन मोठ्या प्रकल्पांचा जनक ठरला, कंपन्यांत उपाध्यक्षपदापर्यंत चढला, एकदा कामावरून काढला गेला आणि त्याच महिन्यात नवी कंपनी काढून पुन्हा उभा राहिला. त्यांना त्यांच्याच गोटातून ‘गद्दार’ही म्हटले गेले. ही सारी हकिकत समजायची तर आधी एक साधी गोष्ट समजून घ्यावी लागेल.

संगणकाने काय करायचे याच्या सूचना माणूस लिहितो. त्या लिखाणाला सोर्स कोड म्हणतात. आपण त्याला मूळ संहिता म्हणू. ही संहिता जाणकाराला वाचता येते, दुरुस्त करता येते. पुढे तिचे यंत्राच्या भाषेत रूपांतर होते आणि मग ती माणसाला सहजी वाचता येत नाही. बहुतेक बड्या कंपन्या गिऱ्हाइकाला ही यंत्रभाषेतली प्रत तेवढी विकत आणि मूळ संहिता आपल्या तिजोरीत ठेवीत. गिरणीच्या भाषेत सांगायचे तर साचा विकला, पण त्याचे झाकण वेल्डिंग करून. बिघाड झाला तर जॉबरने आणि फिटरने नुसते हात बांधून बघत बसायचे, कंपनीचा माणूस येईल तेव्हा येईल.

अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांना ही पद्धत अन्यायाची वाटली. १९८३ साली त्यांनी ‘ग्नू’ नावाचा प्रकल्प जाहीर केला. सर्व प्रोग्रॅम नव्याने लिहायचे आणि त्यांची संहिता सर्वांना खुली ठेवायची, असा तो संकल्प होता. त्यासाठी त्यांनी जो परवाना तयार केला त्याची अट मोठी मार्मिक आहे. हे काम घ्या, वापरा, बदला, हवे तर विकासुद्धा. मात्र दुसऱ्याला देताना मूळ संहिताही द्या आणि तुम्हांला मिळालेले सर्व हक्क त्यालाही द्या. १९९१ साली फिनलंडमधील लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा संगणकाचा गाभा लिहिला आणि तोही पुढे याच परवान्याखाली खुला केला. मिगेल या प्रवाहात उतरले ते १९९२ च्या सुमारास.

त्यांचा जन्म १९७२ साली मेक्सिको शहरात झाला. वडील भौतिकशास्त्रज्ञ, आई जीवशास्त्रज्ञ. हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत. ‘पदवी नसताना मोठा झाला’ अशा गोष्टी आपल्या मुलांना फार लवकर आवडतात आणि घरातली शास्त्रज्ञ आई त्या गोष्टीतून हळूच गळून पडते. मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठात ते गणित शिकत होते, पण शिक्षण पूर्ण झाले नाही. त्याच विद्यापीठाच्या अणुविज्ञान संस्थेत संगणकांची देखभाल करण्याचे काम त्यांच्याकडे होते. इंटरनेट हा शब्दही आपल्याकडे फारसा पोचला नव्हता तेव्हा या संस्थेत जगाशी जोडलेले संगणक होते. हातात यंत्र आणि यंत्राला जगाची तार! घरात आणि कामावर त्यांना जे मिळाले ते सगळ्यांना मिळत नाही.

मात्र मिळालेल्याचे त्यांनी चीज केले यात शंका नाही. संगणकातल्या फायली दोन रकान्यांत दाखवणारा, इकडच्या तिकडे हलवू देणारा ‘मिडनाइट कमांडर’ नावाचा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला. तो १९९४ साली बाहेर आला. सन कंपनीच्या ‘स्पार्क’ जातीच्या यंत्रांवर लिनक्स चालावे म्हणून जी मंडळी खपत होती त्यांतही ते होते. यातल्या कशाचीही त्यांना कुणी ऑर्डर दिली नव्हती.

१९९७ च्या उन्हाळ्यात मायक्रोसॉफ्टने त्यांना मुलाखतीला बोलावले. इंटरनेट बघण्याचा कंपनीचा जो प्रोग्रॅम होता तो स्पार्क यंत्रांवर नेणाऱ्या तुकडीत जागा होती. त्यासाठी लागणारे काम त्यांनी आधीच जगासमोर करून दाखवलेले होते. पण अमेरिकेत नोकरी करायला एच-१बी व्हिसा हवा आणि त्यासाठी विद्यापीठाची पदवी हवी. ती नव्हती. नोकरी हुकली. गंमत अशी की, त्या मुलाखतीतच त्यांनी समोरच्यांना सुचवले होते की तुम्ही या प्रोग्रॅमची संहिता खुली करून टाका. म्हणजे उमेदवार मालकाला सांगतो की तुमच्या तिजोरीचे दार उघडे ठेवा! पुढे १९९८ च्या जानेवारीत नेटस्केप या प्रतिस्पर्धी कंपनीने आपल्या प्रोग्रॅमची संहिता खुली करण्याची घोषणा केली. त्यातूनच मोझिला आणि आजचा फायरफॉक्स निघाला.

पदवीच्या कागदाविषयी आम्हांला येथे थोडे बोलायचे आहे. आपल्या घरांत भिंतीवर जी पदवीची फ्रेम लागते ती शोभेची नसते. आपल्यासाठी शब्द टाकायला कुणी मामा-काका साहेबाच्या खुर्चीत बसलेला नव्हता, म्हणून कागदच आपल्या वतीने बोलला. तेव्हा मिगेल यांची गोष्ट वाचून कुणी कॉलेज सोडू नये. त्यांनाही कागद नसल्याची किंमत मोजावी लागलीच. फरक एवढाच की, त्यांच्याजवळ दुसऱ्या प्रकारचा एक दाखला तयार होत होता. त्यांनी लिहिलेली प्रत्येक ओळ सर्वांना वाचता येत होती. हा माणूस काय करू शकतो, हे कुणाला विचारायची गरज नव्हती. उघडून बघितले की दिसत होते.

त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९७ रोजी, आपल्याकडे स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाचे झेंडे फडकत होते. त्याच दिवशी मिगेल आणि त्यांचे मेक्सिकन सहकारी फेदेरिको मेना यांनी ‘गनोम’ या प्रकल्पाची घोषणा केली. संगणक सुरू केल्यावर समोर जो पडदा दिसतो, चित्रे दिसतात, खिडक्या उघडतात, बटणे दाबता येतात, तो सारा देखावा कुणीतरी लिहिलेला असतो. लिनक्सचा गाभा भक्कम होता, पण हा देखावा सामान्य माणसाला झेपेल असा नव्हता.

तसा एक प्रयत्न आधीच चालू होता. जर्मनीच्या मथियास एट्रिश यांनी १९९६ साली ‘केडीई’ हा प्रकल्प सुरू केला होता आणि तो चांगला आकार घेत होता. मग दुसरा कशाला? कारण केडीई ज्या तयार भागांवर उभा होता ते ‘क्यूटी’ नावाचे भाग नॉर्वेतील एका कंपनीच्या मालकीचे होते. वापरायला मुभा होती, बदलून वाटायला नव्हती. चाळीत राहणाऱ्यांना हे चटकन कळेल. खोली आपली, पण जिना मालकाचा. मालक आज चांगला आहे, ठीक. उद्या त्याने जिन्याला कुलूप लावले तर? म्हणून गनोमवाल्यांनी आपला जिना आपणच बांधायचे ठरवले. कॅलिफोर्नियातील दोन विद्यार्थ्यांनी चित्रे रंगवण्याच्या एका प्रोग्रॅमसाठी काही खुले भाग तयार केले होते, ते त्यांनी पायाला घेतले. पुढे २००० साली त्या नॉर्वेच्या कंपनीने क्यूटीही खुल्या परवान्याखाली आणले आणि तो वाद निवळला. गनोमच्या दबावाशिवाय ते इतक्या लवकर झाले असते का? आमच्या मते नाही.

गनोमचे काम चालायचे कसे, तेही ऐकण्यासारखे आहे. जगाच्या कुठल्याशा कोपऱ्यातला एखादा मुलगा संहिता वाचतो, चूक सापडते, ती दुरुस्त करून पाठवतो. प्रकल्पातले जाणते ती दुरुस्ती तपासतात. पटली तर मुख्य कामात मिळवतात आणि बदलांच्या वहीत त्याचे नाव व तारीख लिहितात. ती वही सर्वांना खुली. तेथे आडनाव, गाव, कॉलेज कुणी विचारीत नाही. हे ऐकायला फार गोड वाटते आणि बऱ्याच अंशी खरेही आहे. पण पूर्ण खरे नाही. इंग्रजी यावे लागते, घरी यंत्र लागते, आणि सर्वांत महाग वस्तू म्हणजे रिकामी संध्याकाळ, ती लागते. ज्याच्या घरी ओव्हरटाइमशिवाय महिना निघत नाही त्याने फुकट काम कधी करावे? खुल्या सॉफ्टवेअरची थोरवी गाणाऱ्यांनी हा प्रश्न क्वचितच विचारला आहे.

मार्च १९९९ मध्ये गनोमची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. त्याच वर्षी स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने मिगेल यांना आपला वार्षिक पुरस्कार दिला. वय होते २७. हा पुरस्कार वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचा संदर्भ येणार आहे.

त्यांच्या मायदेशातही याच सुमारास एक मोठी गोष्ट घडू घातली होती. शाळांतल्या संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स आणि गनोम बसवायचे, असे १९९८ साली मेक्सिकोत जाहीर झाले. आकडा सांगितला गेला सुमारे १,४०,००० शाळांचा. परवान्याचे पैसे वाचणार, ही त्यामागची साधी गरज. प्रत्यक्षात फार थोड्या शाळांत ते पोचले. प्रोग्रॅम फुकट होता. शिकवणारे आणि बिघडले तर दुरुस्त करणारे हात मात्र शाळाशाळांत नव्हते. आपल्या देशात केरळ राज्याने पुढे हेच काम केले, पण शिक्षकांना आधी तयार करून केले, म्हणून तेथे सरकारी शाळांत खुली प्रणाली टिकली.

असो. १९९९ सालीच मिगेल यांनी नॅट फ्रीडमन या अमेरिकन मित्राबरोबर बॉस्टन येथे कंपनी काढली. तिचे नाव पुढे ‘हेलिक्स कोड’ आणि २००१ पासून ‘झिमियन’ झाले. फुकट वाटायच्या वस्तूवर धंदा कसा करणार, असा प्रश्न कुठलाही वाणी विचारील. तर पैसे सेवेचे घ्यायचे, कंपन्यांच्या यंत्रांची निगा राखण्याचे घ्यायचे. ‘इव्होल्यूशन’ हा टपाल व दिनदर्शिकेचा प्रोग्रॅम झिमियनने सर्वांना खुला दिला. पण तो मायक्रोसॉफ्टच्या टपाल-यंत्रणेशी जोडून देणारा तुकडा मात्र विकत ठेवला. येथून मिगेल यांच्या कामात ही अर्धी-अर्धी वाटणी दिसू लागते. काही खुले, काही विकाऊ. शुद्ध विचाराच्या मंडळींना ती आवडली नाही. पण पगार द्यायची तारीख ज्याच्या डोक्यावर असते त्याचा हिशेब वेगळा असतो, हेही खरे.

याच काळात त्यांनी आपले दुसरे मोठे काम हाती घेतले आणि त्यावरून सारा वाद पेटला. गनोमचे प्रोग्रॅम ‘सी’ या जुन्या, कष्टाच्या भाषेत लिहिले जात. एक चूक झाली की सगळा डोलारा कोसळे. मायक्रोसॉफ्टने २००० साली ‘डॉट नेट’ नावाची नवी व्यवस्था आणि ‘सी शार्प’ ही नवी भाषा आणली. मिगेल यांना ती मनापासून आवडली. तिचा आराखडा एका मानक संस्थेने २००१ च्या डिसेंबरात प्रसिद्ध केला. आराखडा जाहीर, मग तशी यंत्रणा आपण स्वतः बांधून ती सर्वांना खुली का करू नये? २००१ च्या जुलैमध्ये त्यांनी हा प्रकल्प जाहीर केला आणि नाव दिले ‘मोनो’. स्पॅनिश भाषेत मोनो म्हणजे माकड. झिमियनच्या बोधचिन्हातही माकडच होते.

पण आठवण करून देतो, त्याच २००१ साली मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. ज्या घराने तुम्हांला रोग म्हटले त्याच घराचा नकाशा घेऊन तुम्ही आपले घर बांधता? उद्या ते पेटंटचा दावा लावून घर पाडणार नाहीत कशावरून? खुल्या सॉफ्टवेअरच्या गोटातील पुष्कळांना ही भीती वाटली आणि ती पोकळ नव्हती.

२००३ च्या ऑगस्टमध्ये नॉव्हेल या मोठ्या कंपनीने झिमियन विकत घेतली. मिगेल तेथे उपाध्यक्ष झाले. मोनोची पहिली पूर्ण आवृत्ती जून २००४ मध्ये निघाली. मग आला नोव्हेंबर २००६. नॉव्हेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी करार केला की मायक्रोसॉफ्ट पेटंटवरून नॉव्हेलच्या गिऱ्हाइकांना कोर्टात खेचणार नाही. वरवर पाहता चांगलेच झाले म्हणायचे. पण नॉव्हेलच्या गिऱ्हाइकांना अभय, म्हणजे बाकीच्यांना काय? सगळी चाळ मालकाशी भांडत असताना एका बिऱ्हाडाने जाऊन आपल्यापुरती वेगळी पावती फाडून आणावी, तसे ते दिसले. स्टॉलमन यांच्या परवान्याची जी नवी आवृत्ती २००७ साली निघाली तिच्यात असल्या करारांना अडवणारे कलमच घातले गेले. करार मिगेल यांनी केला नव्हता. तो वरच्यांचा निर्णय होता. आधी त्यांनी त्याची पाठराखण केली, आणि २००८ साली मात्र जाहीरपणे सांगितले की या कराराने आपण खूश नाही, कंपनीने खुल्या समाजाबरोबर राहायला हवे होते. उशिरा का होईना, बोलले. उपाध्यक्षाच्या खुर्चीतून मालकाच्या निर्णयावर असे बोलणारे फार नसतात.

२००९ च्या सप्टेंबरात मायक्रोसॉफ्टने स्थापन केलेल्या एका संस्थेच्या मंडळावर ते बसले. आणि त्याच महिन्यात बॉस्टनच्या एका सभेत स्टॉलमन यांनी त्यांना खुल्या सॉफ्टवेअरच्या समाजाचे गद्दार म्हटले. ज्यांच्या संस्थेने १० वर्षांपूर्वी पुरस्कार दिला त्यांच्याच तोंडचा हा शब्द. मिगेल यांनी आकांडतांडव केले नाही, थट्टेच्या सुरात उत्तर देऊन ते कामाला लागले.

गद्दार हा शब्द आपल्या वाचकांना नवा नाही. सभेत तो फार स्वस्तात मिळतो. आम्हांला विचाराल तर माणूस कुणाच्या पंगतीला बसला यापेक्षा उठताना त्याने काय उघडे ठेवले, काय कुलपात टाकले, हे आधी बघावे. मोनोची संहिता त्या साऱ्या काळात खुली होती. स्टॉलमन यांचा इशारा मात्र आम्ही फेकून देणार नाही. परक्याच्या आराखड्यावर बांधलेल्या घराची चावी कधी ना कधी परक्याच्या हाती जाते, हे त्यांचे म्हणणे पुढे निम्मे खरे ठरले. निम्मे का, ते आता सांगतो.

एप्रिल २०११ मध्ये ॲटॅचमेट नावाच्या कंपनीने नॉव्हेल विकत घेतली. मे महिन्याच्या सुरुवातीलाच मोनोवर काम करणाऱ्यांना नारळ मिळाला. मिगेलही त्यांत. उपाध्यक्ष असोत नाहीतर शिकाऊ, मालक बदलला की यादी निघते आणि यादीत नाव आले की घरी, हे वाचकांना सांगायला नको.

येथे क्षणभर परळ-लालबागकडे बघू. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली तेव्हा साचेवाल्याच्या बोटांत कसब होतेच. पण साचा मालकाचा, शेड मालकाची, जमीन मालकाची. गेटाबाहेर आलेल्या माणसाच्या हातात डबा तेवढा राहिला. कुणी भाजीची गाडी लावली, कुणी रखवालदारी धरली, कितीतरी जण गावी परतले. ज्या कामात २५ वर्षे काढली ते काम गेटाच्या आत राहिले.

मिगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम गेटाच्या आत राहिले नाही. मोनोची संहिता खुली होती, म्हणजे ती जितकी ॲटॅचमेटची तितकीच बाहेर काढलेल्या कामगारांचीही होती. १६ मे २०११ रोजी, काढून टाकल्याला पुरते 2 आठवडेही झाले नसतील, मिगेल आणि नॅट फ्रीडमन यांनी ‘झमारिन’ ही नवी कंपनी जाहीर केली. जुन्या चमूतली मंडळी तेथे आली. हत्यारे तीच, काम तेच, गेट तेवढे वेगळे.

मात्र सगळेच सोपे झाले नाही, तेही सांगितले पाहिजे. आयफोन व अँड्रॉइड फोनसाठी त्यांनी मोनोवर बांधलेले जे विकाऊ भाग होते ते खुले नव्हते. ते ॲटॅचमेटच्या मालकीचे राहिले. जे आपण स्वतः लिहिले ते पुन्हा पहिल्यापासून लिहायची पाळी आली होती. जुलै २०११ मध्ये ॲटॅचमेटच्या सुझे या विभागाशी करार होऊन ते भाग वापरण्याचा हक्क मिळाला तेव्हा सुटका झाली. जे खुले ठेवले होते ते कुणाला न विचारता आपले राहिले. जे कुलपात ठेवले होते त्यासाठी वाटाघाटीला बसावे लागले. एकाच चमूच्या, एकाच वर्षीच्या अनुभवात दोन्ही गोष्टी दिसतात. आमच्या मते या हकिकतीतला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे.

झमारिनमध्ये मिगेल तंत्रप्रमुख होते, नॅट कार्यकारी प्रमुख. कंपनीचा माल पुन्हा विकाऊच होता. एकदाच प्रोग्रॅम लिहा आणि दोन्ही जातींच्या फोनवर चालवा, ही त्याची खुबी. मोनो मात्र इतरांच्याही कामी येत होते. मोबाईलवर मुले जे खेळ खेळतात त्यांतले कितीतरी ‘युनिटी’ नावाच्या यंत्रणेवर बनतात आणि त्या यंत्रणेच्या पोटात मोनो बसवलेले आहे. २०१६ साली ज्या ‘पोकेमॉन गो’ने मुलांना मोबाईल हातात धरून रस्तोरस्ती फिरवले, तो खेळही युनिटीवरच बनला होता. अभ्यास सोडून मोबाईल खेळणाऱ्या चिरंजीवांवर ओरडताना आयांनी या माकडाची आठवण ठेवावी!

दरम्यान मायक्रोसॉफ्टचेच वारे बदलले. २०१४ साली सत्या नडेला प्रमुख झाले आणि त्याच वर्षी कंपनीने डॉट नेटचा गाभा खुला करण्याची घोषणा केली. १३ वर्षांपूर्वी जे काम मिगेल यांनी बाहेरून सुरू केले होते ते आता घरमालक स्वतः करू लागला. फेब्रुवारी २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने झमारिन विकत घेतल्याचे जाहीर केले आणि पुढच्या महिनाभरात झमारिनची संहिताही खुली करण्याचे ठरले. ज्या कंपनीत १९९७ साली पदवीच्या कागदावाचून शिरता आले नव्हते, तेथे हा माणूस आपली कंपनी घेऊन आत गेला. नॅट फ्रीडमन तर २०१८ साली गिटहबचे प्रमुख झाले. जगभरचे प्रोग्रॅम लिहिणारे आपली संहिता जेथे ठेवतात ते हे कोठार, आणि तेही त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विकत घेतले होते.

गनोमच्या जुन्या मंडळींना मिगेल यांच्याविषयी एक दुखणे आहे. २०१२-१३ च्या सुमारास त्यांनी लिहून टाकले की घरगुती संगणकावर लिनक्सची बाजी हुकली आणि आपण स्वतः ॲपलचा मॅक वापरू लागलो आहोत. ज्याने जिना बांधला तोच दुसऱ्या इमारतीत राहायला गेला. टोरवाल्ड्स यांच्यासह पुष्कळांनी त्यांच्या विधानांना विरोध केला. पण इमारत काही पडली नाही. गनोमच्या नव्या आवृत्त्या आजही निघत आहेत आणि त्या काढणाऱ्यांत मिगेल यांना कधी न भेटलेली तरुण मंडळी आहेत. गनोमचा पडदा मराठीतही आला. पुण्यातील संगणक कंपनीत काम करणाऱ्या भाषांतरकारांचा त्यात मोठा वाटा होता. आपल्या घरी एखादा जुना, मंद झालेला संगणक पडून असेल तर लिनक्स फुकट उतरवून त्यावर मराठी निवडून बघावी. गनोम जड वाटले तर हलके पडदेही मिळतात. मराठीत कुठे इंग्रजी शब्द तसाच राहिलेला दिसेल. तो बदलून पाठवायला कुणाची शिफारस लागत नाही.

मिगेल यांनी मार्च २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्ट सोडली. झमारिनच्या जुन्या मालाला कंपनीने दिलेला आधार मे २०२४ मध्ये संपला. त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने मोनो प्रकल्प ‘वाईन’च्या मंडळींकडे सोपवला. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवून देणारा हा खुला प्रकल्प १९९३ सालचा आहे, आणि त्याच्या अगदी सुरुवातीच्या काळात त्यात हात घालणाऱ्यांमध्ये मेक्सिकोचा तो गणिताचा विद्यार्थीही होता. मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडल्यावर मिगेल ‘गोडो’ या खेळ बनवण्याच्या खुल्या यंत्रणेकडे वळले. ॲपलच्या स्विफ्ट भाषेत गोडोचे खेळ लिहिता यावेत म्हणून त्यांनी लिहिलेली संहिता कुणालाही उघडून वाचता येते.